मालवणला निघालेल्या मुलास

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी पहाटे तू मित्रांबरोबर मालवणला निघशील. तोंडाने सांगायला गेले की तू "आई, माहितीये गं" म्हणतोस, आणि खरंच तुला माहीत असतं. तरीही लिहिते. गेल्या सात वर्षांत तुझं इन्सुलिन जेव्हा जेव्हा गावाबाहेर गेलं, तेव्हा ते माझ्या पर्समध्ये होतं. या वेळी ते तुझ्या सॅकमध्ये असणार.

आधी गणपतीपुळ्याबद्दल बोलायचं आहे. ते मी इतकी वर्षं नीट बोललेच नाही. तुझ्या टाइप-१ मधुमेहाचं निदान होऊन वर्षही झालं नव्हतं. लॉजच्या खोलीत फ्रीज नव्हता, म्हणून खाली काउंटरवर पिशवी दिली, "फ्रीजमध्ये ठेवा" म्हटलं. त्यांनी ती बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी इन्सुलिनचं पेन हातात आलं ते दगडासारखं. मी ते तळहातात धरून बसले. वितळल्यावर पाण्यासारखं स्वच्छ दिसलं, म्हणून तेच तुला दिलं. दुपारी तू पानात वाढलेला एक मोदक खाल्लास. संध्याकाळी मीटरवर रक्तातली साखर ३८६. मी विचारलं, किती खाल्लेस? तू म्हणालास, एकच. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू उत्तरच दिलं नाहीस, भिंतीकडे तोंड करून आडवा झालास आणि चादरीचं टोक बोटाला गुंडाळत राहिलास.

रात्री डॉक्टरांना फोन लागला तेव्हा कळलं की एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दिसायला कितीही चांगलं असो, टाकूनच द्यायचं. बाबांनी एक मेडिकल उघडायला लावून नवं पेन आणलं आणि पहाटेपर्यंत आकडा उतरला. मोदकाचा दोष नव्हता, तुझा तर नव्हताच. पण त्यानंतर दीड-दोन वर्षं तू बाहेर काय खाल्लंस ते मला सांगायचा नाहीस. वाढदिवसाला जाऊन आलास की "काही नाही खाल्लं" म्हणायचास आणि मीटर वेगळंच सांगायचं. ते माझ्यामुळे झालं, राजा. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते.

म्हणून मालवणात काही सोडू नकोस आणि काही लपवू नकोस. पानातलं कार्ब, म्हणजे अंगात जाऊन साखर होणारा पिठूळ-गोड भाग, मोज, त्या हिशेबाने इन्सुलिन घे आणि खा. सुट्टीत सांभाळायची सवय हीच. पथ्य म्हणून मित्रांच्या पंगतीत बाजूला बसून राहणं ही सवय नव्हे. निदानाच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरलेले नाही. इन्सुलिन सापडण्याआधी या आजाराच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे चार दिवस जास्त जगतील. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता आणि वजन जेमतेम ३० किलो. मुलांना पोटभर जेवता यावं म्हणूनच हे औषध आहे. तू ते घेऊन उपाशी राहिलास तर मला वाईट वाटेल.

आता तिकडच्या पानाबद्दल. कोंबडी-वडे आले की वडे मोज, रस्सा नको मोजूस. वडे तांदूळ-डाळीच्या पिठाचे आणि वर तळलेले. तेलामुळे साखर सावकाश चढते. दोन तासांनी आकडा छान दिसेल आणि झोपायच्या वेळी वर गेलेला असेल. तेव्हा घाबरू नकोस, लगेच डोसवर डोसही घेऊ नकोस. आधी घेतलेलं अजून अंगात काम करत असतं, हे आपण एकदा रात्री दोन वाजता चांगलं शिकलो आहोत. भात वाटीने घे, वाटीला साधारण ३० ग्रॅम कार्ब धर. उकडीच्या मोदकाला आपण घरी वजन करून २५ ग्रॅम काढलं होतं, तेच चालव. शिरवाळे, म्हणजे त्या तांदळाच्या शेवया, मिळाले तर जरूर खा, पण त्याच्या नारळाच्या रसात गूळ असतो, तो धरायला विसरू नकोस.

सोलकढी आणि कोकम सरबत हे दोन रंगाने बहिणी, पण तुझ्यासाठी एकदम वेगळे. सोलकढीत साखर घातलेली नसेल तर ती पोटभर पी. सरबत मात्र साखरेचं पाणीच. ते शुगर लो झाल्यावर कामाला येईल, एरवी नको. उलट मालवणी खाजा गोड लागतो म्हणून लो झाल्यावर तोंडात टाकशील, तर त्यातल्या चणापिठाने आणि तेलाने साखर उशिरा पोचते. शहाळंही त्या वेळी पुरत नाही. लो झाल्यावर सरळ ग्लुकोज पावडर किंवा साखरेचे तीन-चार चमचे, पंधरा मिनिटं बसायचं, पुन्हा पट्टी लावायची. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच. त्या पंधरा मिनिटांत चालायचं नाही आणि "मी ठीक आहे" असं म्हणायचंही नाही.

मे महिना आहे, देवगड जवळ आहे, आंबा खाल्ल्याशिवाय तू परत येणार नाहीस आणि येऊही नकोस. हापूसच्या १०० ग्रॅम गराला साधारण १५ ग्रॅम कार्ब धर. आंबा खाल्ल्यावर बोट टोचण्याआधी हात साबणाने धू. गेल्या वर्षी बाठा चोखून तसंच बोट टोचलंस आणि मीटरने ३१२ दाखवलं, आठवतं? तू पेन उघडलंही होतंस. मी हात धुवायला लावले, दुसऱ्या बोटाची पट्टी लावली, १२८. बोटावर राहिलेला रस मीटर रक्तातली साखर समजून मोजतं. त्या दिवशी ३१२ च्या हिशेबाने घेतलं असतंस तर काय झालं असतं, हा विचार आजही माझा पिच्छा सोडत नाही. समुद्रावर नळ सापडायचा नाही, म्हणून पाण्याची बाटली वेगळी ठेव. सॅनिटायझरने रस जात नाही, पाण्यानेच जातो.

उघडलेलं पेन चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या खाली. कोकणातली मे महिन्याची दुपार त्याच्या वर जाते आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत तर विचारूच नकोस. गार पाकीट पाण्यात भिजवून त्यात पेनं ठेव, हवा लागेल अशा जागी. प्लास्टिकच्या पिशवीत ते पाकीट कोंडलंस तर पाणी उडून जाणार नाही आणि गारवाही मिळणार नाही, आपल्या माठासारखंच आहे ते. एसटीच्या डिकीत सॅक द्यायची नाही, मांडीवर घ्यायची. लागेल त्याच्या दुप्पट पेनं, सुया आणि पट्ट्या मी काढून ठेवल्या आहेत. त्यातली निम्मी दुसऱ्या मित्राच्या बॅगेत जाऊ देत, म्हणजे एक बॅग हरवली तरी अडणार नाही. लॉजवर कुणी "द्या, फ्रीजमध्ये ठेवतो" म्हणालं तर स्वतः जाऊन खालचा कप्पा बघ.

राधानगरीवरून फोंडा घाट उतरताना तुला गाडी लागते. म्हणून त्या दिवशी नाश्त्याचं इन्सुलिन आधी घेऊ नकोस. घाट उतरू दे, कणकवलीला खा आणि मग घे, डॉक्टरांनीही तसंच सांगितलंय. आणि एक गोष्ट काही झालं तरी पाळायची. उलट्या होवोत, जेवण न जावो, रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही. उलट्या थांबत नसतील आणि शुगर २५० च्या वर असेल तर किटोनची, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर अंगात साचणाऱ्या आम्लाची, पट्टी लाव. ती रंगली तर हॉटेलात झोपून राहायचं नाही. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन लावला की गाडी येते. सहल बिघडेल याचा विचार करू नकोस.

तारकर्लीला पोहायला उतरण्याआधी शुगर बघ. १२५ च्या खाली असेल तर काही खाऊन थांब, हा आपल्या डॉक्टरांनी दिलेला आकडा आहे. पोहून आल्यावर लगेच बघ आणि झोपताना पुन्हा बघ, कारण दिवसभर पाण्यात खेळल्याचा परिणाम रात्री दिसतो. स्कूबा डायव्हिंग या वेळी नाही. पाण्याखाली लो झालास तर कुणाला सांगताही येणार नाही. पुढे डॉक्टरांनी लेखी दिलं तर मीच पैसे देईन. वाळूवर अनवाणी चालू नकोस, ती दुपारी भाजते, आणि खडकावरच्या कालवांनी पाय कापतो. रात्री पाय धुऊन तळवे बघ.

किल्ल्यावर सकाळच्या होडीने जा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला काढलेला सिंधुदुर्ग, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. तू सहावीत असताना तिथली माहिती ऐकून मला विचारलं होतंस, "साखरबावीचं पाणी मला चालेल का गं?" तेव्हा आजार नवा होता आणि मला उत्तर देताना रडू आलं होतं. आता मित्रांना ती विहीर तूच दाखव. तटावरून फिरायला निघालास तर खिशात ग्लुकोज असू दे. तो सगळा घेर बराच मोठा आहे आणि वर सावली नाही.

दारूबद्दल तुझ्याशी कधी स्पष्ट बोलले नाही. आता बोलते. तू घेऊ नयेस असं मला वाटतं आणि त्याचं कारण लोक काय म्हणतील हे नाही. शुगर खाली जायला लागली की लिव्हर साखर सोडून सावरून घेतं. दारू उतरवायच्या कामात ते अडकलं की हे काम करत नाही. मग झोपेत, काही तासांनी, माणूस लो होतो आणि बाकीचे म्हणतात, चढलीय, झोपू दे. मला त्या "झोपू दे"ची भीती वाटते.

म्हणून तिघा मित्रांपैकी निदान एकाला सगळं सांग. हात थरथरले, घाम फुटला, उगाच चिडायला लागलास, की वाद न घालता साखर द्यायची. शुद्धीवर नसशील तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८. मित्रांना सांगायला तुला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण त्यांनी ओळखलं नाही तर ते तरी काय करणार?

मी दिवसातून दहा फोन करणार नाही, शब्द देते. रात्री दहाला रात्रीचं इन्सुलिन घेतलंस की नुसता आकडा पाठव. २४० असला तरी २४०च पाठव. किती खाल्लंस असं मी विचारणार नाही. पाहिजे तर मोदकाचा फोटोही पाठव.

तुझी,
आई

ता. क. गार पाकीट बाथरूममधल्या निळ्या टमरेलात भिजत घातलं आहे. निघताना काढून कोरड्या फडक्याने पुसून घे. बाबा चार वाजता उठवतील.