भाग गाळला, तर कारणही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा रात्री आमच्याकडे नेहमीची मालिका लावली आणि दोन मिनिटांत लक्षात आले, हा भाग आपण पाहिलेला आहे. आदल्या दिवशी ज्याची जाहिरात केली, तो भाग लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी गोष्ट त्याला ओलांडून पुढे गेली होती. वाहिनीने अवाक्षर काढले नाही. केबलवाल्याला विचारले, तर "वरूनच तसं आलंय, काकू" एवढेच उत्तर. कोणाच्या तरी भावना दुखावल्याचे मंडईत सर्वांना ठाऊक होते. पण कशाने दुखावल्या हे कोण सांगणार? तो भाग कोणी पाहिलेलाच नव्हता.

बंदीचा मला राग आहेच, पण या मुकाट्याने गाळण्याचा अधिक आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले, त्याच सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांच्या 'कीचकवध'वर इंग्रजांनी १९१० मध्ये बंदी घातली. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, तसा तो सरकारलाही दिसला. पण नाटक कोणी बंद केले, हे लोकांना माहीत होते. दाद कोणाविरुद्ध मागायची हे स्पष्ट होते. आज आम्ही कोणाकडे बोट दाखवायचे?

१९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'तमस' लागली, तेव्हा मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते. फाळणीच्या दंगलींची ती गोष्ट. दाखवली तर पुन्हा माथी भडकतील, म्हणून प्रकरण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि मग स्थगिती उठवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तिला हरकत घेतली नाही. परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसाला प्रमाण मानून, डळमळीत मनाच्या माणसाला नव्हे, असा दंडक न्यायालयाने मान्य केला. आधी पाहिले, मग ठरवले, हे मला फार मोलाचे वाटते.

भीती खोटी असते, असे मी म्हणणार नाही. २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवरच्या एका चित्रावरून मिरजेत दंगल झाली. ते दिवस आम्ही जवळून पाहिले आहेत. एखादा भाग खरोखरच रोखावा लागेलही. पण मग तसे उघड सांगावे.

ज्याला आक्षेप आहे, त्याच्यासाठी वाट आहे. केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांनुसार त्याने वाहिनीकडे तक्रार केली, तर १५ दिवसांत निकाल द्यावा लागतो. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे आणि त्याच्याही वर सरकारकडे जाता येते. ज्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून भागच उचलून नेला, त्याने कोणते दार ठोठवायचे? निदान ठरल्या वेळी पडद्यावर एक पट्टी यावी: आजचा भाग रोखला आहे, अमुक आदेशाने किंवा अमुक तक्रारीवरून, अमुक कारणासाठी. वाहिनीने घाबरून आपणच गाळला असेल, तर तेही लिहावे.

तारीख आणि वेळ टाकून मी वाहिनीला पत्र पाठवले आहे. पोस्टाची पोच आली, उत्तर आलेले नाही. आपल्या वार्ताहराने हाच प्रश्न वाहिनीला विचारावा आणि जे उत्तर मिळेल ते छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
विश्रामबाग, सांगली