जुन्या मिलिटरी टोपीची पारख न करता पाटी लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात एका जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाचा फोटो आला, त्यात हिरवी बेरेट कॅप, म्हणजे बिनकाठाची मऊ गोल टोपी, आणि पाटी काय तर "पहिल्या महायुद्धात लढलेल्या मराठा जवानाची टोपी". राहवलं नाही म्हणून लिहितोय. 1914 ते 18 च्या त्या युद्धात 110 वी मराठा पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुट अल अमारा गावाच्या वेढ्यात सापडली होती, तेव्हा आपल्या शिपायांच्या डोक्याला खाकी पगडी असायची, बेरेट तर खुद्द ब्रिटिश सैन्यात 1924 ला रणगाडेवाल्यांना अधिकृत मिळाली आणि बाकीच्यांपर्यंत यायला अजून बरीच वर्षं गेली. वर त्या टोपीच्या बिल्ल्यावर अशोकाचे सिंह आहेत, ते आपलं राजचिन्ह झालं 26 जानेवारी 1950 ला. दोन्ही महायुद्धांच्या वेळच्या बिल्ल्यांवर मुकुट असेल तर तो राजाचा, म्हणजे वरच्या कमानी फुगीर असलेला, मधे खोलगट दबलेल्या कमानींचा मुकुट राणी एलिझाबेथच्या वेळी आला आणि तोवर आपण प्रजासत्ताक झालो होतो, त्यामुळे तसला बिल्ला लावून कुणी महायुद्धातली मराठा टोपी म्हणून दाखवली तर सरळ नाही म्हणायचं.

हे लिहायचं कारण म्हणजे खानापूर, चिकोडी, निपाणी भागात फौजेतली घरं भरपूर, बेळगावात मराठा पलटणीचं ट्रेनिंग सेंटरच आहे, आणि यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं हे पोराटोरांना माहीत, त्याचाच फायदा घेऊन दलाल कुठलीही टोपी "इटलीवरून आलेली" म्हणून गळ्यात मारतेत. आता 2025 ला कर्नाटक पोलिसांच्या कॉन्स्टेबलांची रुंद काठाची स्लाउच हॅट जाऊन नवीन पी कॅप, म्हणजे पुढं चोच असलेली टोपी, आली, त्या उतरलेल्या हॅटही उद्या महायुद्धाच्या म्हणून बाजारात दिसतील अशी मला खरंच भीती वाटते.

टोपी हातात आली की आधी उलटी करा. वर्षानुवर्षं घातलेल्या टोपीची आतली चामड्याची पट्टी कपाळाकडं जास्त काळी पडलेली आणि तडकलेली असते, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली टोपी सगळीकडून सारखीच तपकिरी दिसते. बिल्ला मागून सैल करता आला तर त्याच्याखालचं कापड बघा, ते बाजूच्यापेक्षा गडद पाहिजे कारण तिथं ऊन लागलेलं नसतं, आणि सगळं कापड एकसारखं असेल तर बिल्ला नंतर बसवलेला असू शकतो. आत बाणाचा सरकारी शिक्का असला तरी भुलू नका, शिक्का मारणं सगळ्यात सोपं, शाई मळाच्या खाली आहे का मळावर बसलीय ते भिंगानं बघा. नोटा तपासायची यूव्ही टॉर्चपण कामाला येते, कापड उजळ दिसायसाठी धाग्यात आणि साबणात जी रसायनं घालतात ती सर्रास आली दुसऱ्या महायुद्धानंतर, म्हणून शिलाईचा धागा निळसर पांढरा चमकला तर शंका घ्यायची. पण घरात कुणी ती टोपी डिटर्जंटनं धुतली असली तर अस्सल टोपीपण तशीच चमकते, म्हणून नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नये.

यावरूनच हात जोडून सांगणं आहे, आजोबा-पणजोबांची टोपी ट्रंकेत सापडली तर धुऊ नका, बिल्ला ब्रासोनं घासू नका, घामाचा डाग आणि आतला नंबर हाच तिचा पुरावा आहे. सोबत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, एखादा ग्रुप फोटो असेल तर एकत्रच ठेवा, नंबर जुळला तर त्या टोपीला नाव मिळतं. दोन-पाचशे रुपयांत भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका.

आणि संपादक साहेब, तुम्हालापण विनंती, असले फोटो छापायच्या आधी सेंटरमधल्या एखाद्या जुन्या सुभेदार साहेबांना दाखवून घ्या, आणि त्या बेरेटच्या पाटीचा खुलासा तेवढा छापा. स्वातंत्र्यानंतरच्या कुठल्यातरी जवानानं ती घातली असणार, त्याची नोकरी कमी मोलाची नव्हती, ती त्याच्याच नावावर राहू दे.

आपला,
एक नियमित वाचक, खानापूर