सूप कोण पाखडतंय? प्रयोगशाळेतल्या काकांना पत्र

काका, स. न.

प्रबंधात आभाराचं पान असतं. त्यात मार्गदर्शक आले, विभाग आला, आईबाबा आले. थर्मोकोलच्या डब्याबद्दल लिहायला तिथे जागा नव्हती, म्हणून हे पत्र.

श्रावणातली ती रात्र. नऊच्या सुमारास वीज गेली आणि एसी बंद पडला. पाऊस पडत होता, पण खोलीतला उकाडा जाईना. डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबांना 22 अंश मानवतात, आपल्या पणजीच्या हवेत ते बिचारे नीट वाढतच नाहीत. दुपारी दोनला मी त्या अमीबांना न्यूट्रल रेड या लाल रंगाने रंगवून उपाशी ठेवलं होतं. याआधी दोन खेपा वाया गेल्या होत्या, त्यातली एक तर निव्वळ माझ्या विसरभोळेपणामुळे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्कूटरला बांधलेला माशांचा डबा सोडून आणलात (श्रावण म्हणून रिकामा होता, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे), बर्फ वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी ठेवलात, मध्ये पुठ्ठा, वर माझ्या प्लेटी, कडेला थर्मामीटर. पारा 20 च्या खाली गेला की झाकण उघडायचं, 23 ला बंद करायचं. तीन तास तुम्ही हेच करत बसलात.

त्या अंधारात तुम्ही विचारलंत, "हे उपाशी ठेवून काय मिळतं गो?" मी सांगू लागले. खायला बॅक्टेरिया संपले की एकेकटे फिरणारे अमीबा सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडतात, साधारण दर सहा मिनिटांनी एक लाट. त्या हाकेवर हजारो, कधी लाखभर पेशी जमून ढीग होतो, ढिगाचा दोनेक मिलिमीटरचा स्लग, म्हणजे सरपटणारा गोळा होतो, आणि चोवीस तासांत देठावर बीजाणूंचा गोळा उभा राहतो. स्लगच्या पुढच्या साधारण वीस टक्के पेशी देठ होऊन मरतात, मागच्या बीजाणू होतात.

तुम्ही म्हणालात, "म्हणजे सुपासारखं. कोंडा पुढे, तांदूळ मागे. पण सूप पाखडतंय कोण?"

काका, माझ्या प्रबंधाचा प्रश्नच हा होता आणि मला तो इतका सरळ मांडता येत नव्हता! पेशी पुढे आहे म्हणून देठ होते, की देठ व्हायची म्हणून पुढे जाते? शास्त्रज्ञ रेपर यांनी 1940 मध्ये स्लग कापून दाखवला, तेव्हा मागच्या तुकड्यातूनही देठासकट छोटं पण प्रमाणात बसणारं रूप उभं राहिलं. म्हणजे जागेला महत्त्व आहेच. पण 1973 मध्ये दिसलं की ग्लुकोजवर वाढलेले आणि ग्लुकोजविना वाढलेले अमीबा एकत्र केले, तर पहिले जास्त करून बीजाणूंकडे वळतात आणि दुसरे देठाकडे. उपासाच्या वेळी पेशी विभाजनाच्या कुठल्या टप्प्यावर होती, यावरही कल ठरतो. तेव्हा पाखडणारं कुणी नाही, दाणेच चालत आपापल्या जागी जातात. या देठाला लोक 'त्याग' म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. कालचं जेवण कुणाला काय मिळालं, एवढ्यावरही गोष्ट फिरते.

बाराला वीज आली. एकच्या सुमारास सूक्ष्मदर्शकात ढीग दिसला, त्यात लाल ठिपके मीठमिरीसारखे विखुरलेले. देठाकडे जाणाऱ्या पेशीच तो रंग जास्त धरतात. तुम्हाला बघायला बसवलं. पुढच्या तासाभरात ठिपके एकेक करून वर सरकले आणि टोकाला लाल टोपी चढली. तुम्ही डोळा न काढता म्हणालात, "गेले रे गेले!" प्रबंधातलं चौथं चित्र त्याच प्लेटीचं आहे.

डबा अजून माझ्याकडेच आहे. दोनदा साबणाने धुतला, उन्हात ठेवला, तरी बांगड्याचा वास जात नाही. चतुर्थी झाली की तुम्हाला तो लागेल, त्याआधी घरी आणून देते.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची