निदान पडदा तरी लावा

संपादक महोदय,
मराठवाड्यातील रुग्णालयांत खाटा आणि औषधे अपुरी असल्याचे आपले वृत्त वाचले. ते खरेच आहे. मात्र रुग्णाच्या अब्रूचा प्रश्न त्यात राहून गेला. गेल्या उन्हाळ्यात आईला ईसीजीसाठी नेले. खाटेभोवती पडद्याची दांडी होती, पडदा नव्हता. शेजारच्या रुग्णांचे नातेवाईक उभे असतानाच तिला ब्लाउज काढायला सांगितले. उभा जन्म डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या आईने तोंड भिंतीकडे फिरवले. शेवटी मी आणि सिस्टरने घरची चादर आडवी धरली. पुढे छातीत दुखले तरी ती दोन दिवस बोलली नाही. 'तिथं नको' एवढेच म्हणाली.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत १७ हक्क आहेत. तपासणीवेळचा खासगीपणा त्यांत आहेच. पुरुष डॉक्टर तपासत असताना महिला रुग्णाजवळ दुसरी स्त्री असावी, हेही स्पष्ट लिहिले आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रत्येक वॉर्डातील पडदे मोजून घ्यावेत आणि नसतील तिथे या महिन्यातच लावावेत.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)