डॉक्टर मॅडम, आईच्या मनगटासाठी जाहीर थँक्यू

नमस्कार मॅडम, नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही.

मागच्या पावसाळ्यात आई वाड्याच्या जिन्यावरून घसरली, प्लास्टर लागलं, निघालं, हाड जुळलं पण वाकडं. तिकडे म्हणाले या वयात चालायचंच. आता आई पेठेत ब्लाऊज शिवते, कात्री धरली की करंगळीच्या बाजूने कळ, आणि तळहात वर वळायचाच नाही, गिऱ्हाईकाचे पैसे डाव्या हातात घ्यावे लागायचे, ते तिला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

तुम्ही एक्सरे बाजूला ठेवून आधी विचारलंत, काकू दिवसभर हाताने काय काय करता? मग दोन्ही मनगटांचे एक्सरे काढायला लावले, चांगल्या हाताचं माप घ्यायला. रेडियसचं, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, टोक तळहाताकडे साधारण 11 डिग्री कललेलं असतं, आईचं उलटं मागे गेलेलं, त्यात ते आखूड झाल्यामुळे शेजारचं करंगळीकडचं हाड, अल्ना, लांब पडून मनगटात टोचतंय, म्हणून कळ करंगळीकडे. इतक्या महिन्यांत हे कुणी सांगितलंच नव्हतं हो!

नुसतं अल्ना आखूड करता येतं पण रेडियसचा कल तसाच राहतो, अल्नाचं टोकच काढून टाकणं हे वय जास्त आणि हाताला काम कमी असलेल्यांना पुरतं, शिवणकाम करणारीला नको. म्हणून जुळलेलं हाड परत कापून सरळ करायचं, फटीत कमरेच्या हाडाचा तुकडा भरायचा आणि तळहाताच्या बाजूने प्लेट-स्क्रू. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजली असती तर हेही केलं नसतं म्हणालात, आणि वाकडं असून दुखत नसतं तर हातच लावला नसता. ऑपरेशन गळ्यात मारणारा माणूस असं बोलत नाही, मला तिथेच पटलं.

कंबर मात्र मनगटापेक्षा जास्त दुखली, त्यावरून आई अजून तुम्हाला नावं ठेवते. दुसऱ्या दिवसापासून बोटं हलवायला लावणाऱ्या फिजिओ ताईंनाही थँक्यू, आईची बोलणी त्यांनीच जास्त खाल्ली.

मनगट पहिल्यासारखं पूर्ण वाकणार नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, नाहीच वाकत, भरलेला कुकर मीच उतरवतो. तळहात वळतो पण, शिलाईचे पैसे उजव्या हातात.

प्लेट त्रास देत नसेल, अंगठ्याच्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, घासत नसेल तर राहू दे म्हणालात, ते शेजारच्या काकूंना काही पटत नाहीये, पुढच्या व्हिजिटला त्यांनाच घेऊन येतो.