मॉन्टिसेलो पाहायला जाल तेव्हा

ती. आई-बाबांस सा. न.

शार्लट्सव्हिलला गेलात की मॉन्टिसेलोचं घुमटाचं घर आधी पाहू नका. बस टेकडीवर सोडते, तिथून थेट मलबेरी रो गाठा. या घराचा मालक, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, याचं ऐश्वर्य ज्यांच्या जिवावर चाललं, त्यांच्या खोपट्या आणि कामाच्या जागा या रस्त्याला होत्या. सगळी माणसं जन्मतः समान, असं लिहिणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्यात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली.

बाबा, खिळ्यांच्या कारखान्याच्या जागेपाशी जरा थांबा. १७९४ साली तो सुरू झाला, कामाला १० ते १६ वर्षांची पोरं. सळईचं टोक भट्टीत लाल करायचं, ऐरणीवर ठोकून निमुळतं करायचं, मापाला तोडायचं आणि साच्याच्या भोकात धरून डोकं चपटं करायचं. सळई निवली की पुन्हा भट्टी. जेफरसन सळई तोलून द्यायचा, खिळे तोलून घ्यायचा आणि कोणाच्या हातून किती घट आली ते पोरागणिक मांडायचा. हिशेब इतका नेटका, की तुम्ही आधी कौतुकच कराल!

१८०३ मध्ये याच कारखान्यातल्या ब्राउन कोल्बर्टने सोबतच्या कॅरीची सळई लपवली, कॅरीने त्याच्या डोक्यात हातोडा घातला. घटीचा हिशेब असा डोक्यावर असताना सळई लपवणं ही साधी खोडी नव्हे. कोल्बर्ट वाचला. इतरांना जरब बसावी म्हणून कॅरीला लांब विकून टाकण्याचा हुकूम जेफरसनने दिला.

आई, तू स्वयंपाकघर बघ. विटांच्या ओट्यात कोळशाच्या आठ शेगड्या आहेत, प्रत्येकीची आच वेगळी ठेवता येते. इथे एडिथ फॉसेट रांधायची. फ्रेंच स्वयंपाक ती वॉशिंग्टनला, राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिकली. नवरा जोसेफ लोहार. जेफरसन ४ जुलै १८२६ ला वारला, मागे लाखाहून जास्त डॉलर कर्ज. मृत्युपत्रात जोसेफला वर्षभराने मुक्ती होती, एडिथला आणि मुलांना नाही. जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसांचा लिलाव पुकारला, त्यात ती सगळी. पुढे जोसेफने एडिथला आणि काही मुलांना सोडवलं. अकरा वर्षांचा पीटर मात्र विकला गेला, तो सुटला १८५० मध्ये.

घर शेवटी पाहा. वरच्या मजल्याचा जिना फार अरुंद आहे, बाबांनी गुडघ्याला त्रास देऊ नये. खालचा मजला पुरे. गुलामांची दफनभूमी गाडीतळाजवळच आहे, ती परतताना होईल.

तुमची,
मनू