पिंट्याची हेरगिरी आम्ही बंद केली आहे

मॅरिएटा, जॉर्जिया
आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांचा) पहिला आठवडा

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

पप्पा, तुमचे पत्र मिळाले. व्हिडिओ कॉलवर मुले मध्येच कॅमेऱ्यासमोर नाचायला लागतात आणि गंभीर विषय तसाच राहून जातो, म्हणून उत्तरही पत्रानेच देत आहे. तुमचे म्हणणे मी असे समजले, की ख्रिस्तजन्माची तयारी करायच्या दिवसांत लाल टोपीच्या एका बाहुल्याला घरात एवढे स्थान कशाला द्यायचे, आणि हा बाहुला रात्री उत्तर ध्रुवावर जात नव्हता, आई-वडीलच त्याला इकडचा तिकडे करत होते, असे उद्या मुलांना कळले, तर ‘मग येशूचेही तसेच असेल’ असे ती का म्हणणार नाहीत. आई, तुझी मात्र या बाहुल्याबद्दल, म्हणजे आमच्या पिंट्याबद्दल, काहीच तक्रार नाही. उलट ‘दूध संपव, नाहीतर पिंट्या सांताला सांगेल हं’ असे तू फोनवरून धाकट्याला म्हणालीस, ते मी स्वयंपाकघरातून ऐकले. या पत्रात मला तुम्हा दोघांशीही थोडे भांडायचे आहे. पप्पांशी कमी आणि, आई, तुझ्याशी जास्त.

आधी हा बाहुला आला कुठून ते सांगते. २००५ साली आमच्या या जॉर्जिया राज्यातल्याच कॅरोल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चँडा बेल यांनी ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ (एल्फ म्हणजे सांताचा बुटका, जादुई मदतनीस) नावाचे यमकबद्ध छोटे पुस्तक स्वतःच प्रकाशित केले आणि त्याच्या पेटीत एक बाहुला ठेवला. लाल कपडे, पांढरी कॉलर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला आणि कुणाकडे तरी चोरून पाहत असल्यासारखे तिरके डोळे. पुस्तकातला खेळ असा, की मुलांनी त्याचे नाव ठेवले की त्याच्यात जादू येते. दिवसभर तो फळीवर बसून घरातले सगळे पाहतो, रात्री सांताकडे जाऊन कोण कसे वागले ते सांगतो आणि पहाटे परत येऊन वेगळ्याच जागी बसतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर जादू जाते. नाताळच्या आदल्या रात्री तो वर्षभरासाठी निघून जातो. २०१२ साली न्यूयॉर्कच्या मेसीज कंपनीच्या थँक्सगिव्हिंग मिरवणुकीत त्याचा अवाढव्य फुगा उडाला, यावरून त्याचे प्रस्थ किती वाढले होते याची कल्पना येईल. एल्फ हलवायचा राहिला म्हणून मध्यरात्री अंथरुणातून उठणारे आई-वडील इथे घरोघरी आहेत. २०२१ साली आमच्या कॉब काउंटीतल्या रॉबर्ट लेनर्ड या न्यायाधीशांनी तर या एल्फांना काउंटीतून तडीपार करणारा गमतीचा आदेशच काढला आणि दमलेल्या पालकांनी सारा दोष खुशाल न्यायालयावर ढकलावा असे सुचवले. पप्पा, हा आदेश तुम्हाला आवडेल हे मला ठाऊक आहे, पण तो गमतीचाच होता.

हे सगळे बाजारी आहे, हे तुमचे म्हणणे मान्यच आहे. पेटी, पुस्तक, बाहुल्याचे कपडे, त्याचे पाळीव प्राणी, सगळे विकत मिळते. पण एल्फ हा काही त्या कंपनीच्या डोक्यातून निघालेला नाही. डेन्मार्क-नॉर्वेत त्याचा पूर्वज निस्से आणि स्वीडनमध्ये टोम्टे, म्हणजे शेतघराची आणि गुरांची काळजी वाहणारा बुटका म्हातारा. नाताळच्या रात्री त्याच्यासाठी लोणी घातलेल्या लापशीचा वाडगा ठेवायचा, नाहीतर तो रागावतो. तिकडे एक गोष्ट सांगतात, की एका निस्सेला वर लोणी दिसले नाही म्हणून त्याने रागाने गोठ्यातली गाय मारली; मग लापशी खाता खाता लोणी तळाशी सापडले, तेव्हा ओशाळून त्याने शेजाऱ्याची तशीच गाय आणून बांधली. कोकणातल्या राखणदाराची ही सख्खी भावंडे वाटतात मला. निस्से पुढे नाताळच्या भेटवस्तू वाटणारा झाला. इकडे अमेरिकेत १८२३ साली एका वर्तमानपत्रात छापून आलेल्या प्रसिद्ध कवितेत खुद्द संत निकोलसलाच, म्हणजे आपल्या सांतालाच, आनंदी म्हातारा एल्फ म्हटले होते. तो मूळचा मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. तीन गरीब मुलींच्या लग्नासाठी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली टाकणारा म्हणून त्याची ख्याती. आपण कोण हे कळू नये म्हणून जो रात्री आला, त्याच्या नावावर आज मुलांच्या वागणुकीच्या चोपड्या ठेवल्या जातात, हे मात्र विचित्र आहे, आणि माझे खरे भांडण इथेच आहे. त्याकडे पुढे येते.

‘हे आपले नव्हे, बाहेरचे आहे’ असे तुम्ही लिहिले आहे. पप्पा, आपल्या नगरच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास तुम्हीच मला शिकवलात. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ साली असा कायदा झाला, की जो कोणी नाताळ पाळील त्याला पाच शिलिंग दंड. काम बंद ठेवणे किंवा मेजवानी करणे हाही गुन्हाच. तो कायदा १६८१ साली उठला. त्याच मॅसॅच्युसेट्समधल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन केली, त्या बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला पोहोचले, आणि ज्या मंडळीत तुमचा बाप्तिस्मा झाला ती त्यांच्याच कामातून उभी राहिली. त्या मिशनऱ्यांच्या पणजोबांनी आपल्या घरात डोकावून आईच्या करंज्या, चकल्या आणि गच्चीवरची चांदणी पाहिली असती, तर दंडाची पावती आपल्याही नावावर फाटली असती. पुढे रेव्हरंड टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन उपासनेत आणले, तेव्हा त्यातही परके काही पाहणारे लोक असतीलच. टिळक मोठ्यांसाठी भजने रचत होते आणि त्याच लेखणीने मुलांसाठी कविताही लिहीत होते, आणि त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात ते उगीच नव्हे. म्हणून एखादी गोष्ट बाहेरून आली एवढ्यावरून ती मला त्याज्य ठरवता येत नाही. ती घरात आल्यावर काय काम करते ते पाहावे लागते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला खराखुरा प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर तुमच्याच दाढीत आहे. शब्बाथ शाळेच्या नाताळच्या नाटकात तुम्ही वर्षानुवर्षे हेरोद, म्हणजे बाळ येशूच्या जिवावर उठलेला राजा, झालात. घरी आरशासमोर बसून डिंकाने कापूस चिकटवताना आम्ही तुम्हाला पाहत होतो. आईची जांभळी शाल तुमच्या खांद्यावर होती आणि मुकुटाचा पुठ्ठा मी स्वतः कापलेला होता. तरीही तुम्ही मंचावर येऊन ‘त्या बाळाचा शोध लावा’ म्हणून गरजलात की पुढच्या रांगेतली आम्ही मुले एकमेकांना चिकटून बसत होतो. हेरोद म्हणजे पप्पा हे आम्हाला पक्के ठाऊक होते, आणि म्हणून बेथलेहेम खोटे आहे असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. मुलांना खेळ कळतो. दुखावतात ती तेव्हा, जेव्हा मोठी माणसे शपथेवर सांगतात की हा खेळ नाहीच. तुमची भीती अशा घरांबाबत खरी आहे, जिथे मुलाने सरळ विचारले तरी आई-वडील एल्फ खरा असल्याचे पुरावे देत बसतात.

आमच्याकडे तसे नाही. थोरली शाळेतून आली आणि म्हणाली, की वर्गातला एक मुलगा म्हणतो एल्फला आई-बाबाच हलवतात. मी म्हटले, हो, आम्हीच हलवतो, आणि आज तू हलवतेस का? तिने त्या रात्री पिंट्याला पोह्यांच्या डब्यात गळ्यापर्यंत पुरून ठेवले. सकाळी धाकट्याने डबा उघडला, तो हसून हसून खाली बसला आणि मग ताईने अंगावर पोहे टाकले म्हणून त्याने बाहुल्याची माफी मागितली. कुणी ठेवले हे त्याला माहीत होते आणि माफीही मनापासून होती. हात न लावण्याचा नियम तर आम्ही पहिल्याच दिवशी रद्द केला, त्यामुळे पिंट्याच्या टोपीवर हळदीचा डाग आहे आणि त्याची कॉलर एका बाजूने उसवली आहे. तुमच्या जावयांनी, म्हणजे वसईच्या माणसाने, नेहमीप्रमाणे आगमनकाळातच गोठा मांडायला घेतला आहे. मागी लोक, म्हणजे तारा पाहून बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, ते गोठ्यात लगेच ठेवत नाहीत. ते दिवाणखान्याच्या दूरच्या खिडकीपासून निघतात, रोज थोडे सरकतात आणि ६ जानेवारीला पोहोचतात. मुलांनी पिंट्याला त्यांच्या उंटामागे सामान वाहायला लावले आहे. हे पाहून तुमच्या कपाळाला आठी पडेल, पण मागी लोक आज कुठवर आले हे बघायला मुले उठल्या उठल्या धावतात आणि कोणता तारा, कोणता राजा, ते दुसऱ्या वाटेने घरी का गेले, असे प्रश्न विचारतात. मत्तयाचा दुसरा अध्याय आमच्याकडे गेल्या वर्षीपेक्षा अधिक वाचला जात आहे.

आई, आता तू. पिंट्याकडून आम्ही एकच काम काढून घेतले आहे, ते म्हणजे चहाडीचे. २०१४ साली कॅनडातल्या लॉरा पिंटो आणि सेलीना नेमोरिन या अभ्यासकांनी लिहिले, की कायम कुणीतरी पाळत ठेवत असणे आणि त्याची खबर वर जाणे हे साधे, स्वाभाविक आहे, असे हा बाहुला मुलांना शिकवतो. लोकांनी त्यांची थट्टा केली. मला त्यांचे म्हणणे पटले, पण माझे कारण त्यांच्याहून जुने आहे आणि ते मला आपल्या घरातच मिळाले. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे इफिसकरांस पत्रातले वचन पप्पांनी आमच्याकडून पाठ करून घेतले होते. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हेही. ज्या सणात न कमावलेले दान मिळाल्याचा आनंद करायचा, त्याच सणात ‘दूध प्यायलास तर भेट, नाहीतर कोळसा’ असा हिशेब मुलासमोर मांडायचा, हे मला जमत नाही. ‘देवसुद्धा सगळे पाहतोच ना’ असे तू म्हणशील. पाहतो. पण १३९ व्या स्तोत्रातला माणूस त्या पाहण्याने धास्तावून थांबत नाही. शेवटी तो स्वतःच म्हणतो, की माझे हृदय तपासून पाहा आणि मला मार्ग दाखव. पिंट्याला मार्ग दाखवता येत नाही, त्याला फक्त यादी करता येते. आम्ही लहान असताना बागुलबुवा होता हे मी विसरलेले नाही, आणि त्याच्या भीतीने मी संपवलेली भाजी मला आजही आवडत नाही.

त्याऐवजी पिंट्या आता रोज सकाळी हातात चिठ्ठी घेऊन बसतो. शेजारच्या आजोबांच्या दारातली ओकची पाने गोळा करा. चर्चच्या धान्यकोठारासाठी आपल्या आवडीचा एक डबा निवडा, नावडता नको. वर्गात ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याच्याजवळ डब्याला बसा. चिठ्ठीतले काम झाले नाही तर काही होत नाही. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. आणि एक नियम असा, की केलेले काम बाहेर सांगायचे नाही. येशूने सांगितलेला, डाव्या हाताला कळू न देण्याचा हा भाग धाकट्याला मुळीच जमत नाही, तो पाने गोळा करून येतानाच ओरडत येतो, पण थोरली अलीकडे काही सांगेनाशी झाली आहे.

म्हणून दोघांना माझी विनंती. आई, धाकट्याने दूध नाही संपवले तर नाही संपवू देत. त्याला तू तुझ्या लहानपणीची, नदीकाठच्या वाडीतली गोष्ट सांग, ती ऐकताना तो आपोआप पितो. पिंट्याचे नाव घ्यायचे असेल तर तो आज कुठे लपला होता एवढेच विचार. पप्पा, तुम्ही एक चिठ्ठी लिहून पाठवा. मुलांना कोणते काम द्यायचे ते तुम्हीच ठरवा, मी त्यात काही बदलणार नाही. फक्त अक्षर मोठे काढा, कारण थोरलीला देवनागरी आता कुठे वाचता येऊ लागली आहे आणि जोडाक्षरांपाशी ती अडते. कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलात तरी चालेल.

२४ तारखेला आमच्या रात्री साडेआठला फोन करीन, तेव्हा तुमच्याकडे २५ तारखेच्या सकाळचे सात वाजलेले असतील, म्हणजे उपासनेला निघायच्या आधी तुम्ही सापडाल. तेवढ्या वेळात हेरोदाचे ते भाषण एकदा म्हणून दाखवाल का? कापूस नसला तरी चालेल. गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या, पहाटेच्या थंडीत गाणी गात फिरणाऱ्या मंडळींबरोबर या वर्षी जाऊ नका, आणि आई, करंज्यांचे सारण एकटीने भाजत बसू नकोस, शेजारच्या काकूंना बोलाव.

तुमची मुलगी

ता. क. पप्पा, चिठ्ठी २० तारखेच्या आत यायला हवी. २४ ला पिंट्या जातो.